खपल्या आणि खळं: भाड्याच्या घरातल्या शिशाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

घर सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या वाडीतलं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी आणि खळं, म्हणजे अंगण, मागे परसू, विहीर आणि परसाच्या कडेला पडका मांगर, म्हणजे सामानाची खोप. बांधकाम साठ वर्षांपूर्वीचं. मालक सत्तरीपुढचे, मुंबईत मुलाकडे राहणारे, चवथीला, म्हणजे गणपतीला, आणि मे महिन्यात गावी येणारे. घर बंद राहिलं की वाळवी लागते, म्हणून त्यांनी अर्धं घर भाड्याने दिलं होतं.

भाडेकरू घाटावरचे. वडील जवळच्या हायस्कुलात शिक्षक, आई घरी, मुलगी पावणेदोन वर्षांची. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार, भाडं महिन्याला साडेचार हजार. जून महिन्यात शाळा सुरू होताना ते राहायला आले. वाडीत रिकामी घरं आणखीही होती, पण ती सगळी पर्यटकांसाठी राखलेली. वर्षभर राहू देणारा मालक हा एकच.

मी तालुक्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञ आहे. ही मुलगी माझी पेशंट. कुणाची ओळख पटेल असे तपशील गाळून हे प्रकरण लिहितो आहे. मालक, भाडेकरू आणि रंगारी, तिघांचीही लिहायला संमती आहे.

समस्या कशी समोर आली

ऑगस्टच्या मध्यावर आई मुलीला घेऊन आली. मूल चिडचिडं झालंय, जेवत नाही, माती खातं. हिमोग्लोबिन ८.४. माती खाणारं, फिकट पडलेलं मूल आमच्या ओपीडीत रोजचं. जंताचं औषध दिलं, लोहाचं सिरप दिलं, दीड महिन्याने बोलावलं. घर कसं आहे, किती जुनं आहे, तिथे काही काम चाललंय का, यातलं मी काहीही विचारलं नाही. तो प्रश्न मी त्या दिवशी विचारला असता तर मुलीचे सात आठवडे वाचले असते. ही गोष्ट मला आजही लागते.

सप्टेंबरअखेरीस ती परत आली तेव्हा हिमोग्लोबिन ८.६. सिरप नेमाने दिलेलं असूनही जेमतेम हललेलं. त्यात बद्धकोष्ठ, मधूनमधून पोट धरून रडणं, आणि आईने सांगितलेली एक गोष्ट: "डॉक्टर, जूनमध्ये ही 'बाबा ये', 'मांजर गेली' असं दोन-दोन शब्द जोडून बोलायची. आता नुसतं बोट दाखवते." पोटाचा एक्स-रे काढला. आतड्यात जिथे काही दिसायला नको तिथे पांढरे, कडक कडांचे बारीक ठिपके पसरलेले होते. रक्ताच्या काचपट्टीवर लाल पेशींमध्ये निळसर कण दिसले. आता मी विचारलं, "ही काय चघळते?"

"खिडकीचे गज," आई म्हणाली. "खिडकीत बसली की गजाला तोंड लावते. रंगाच्या खपल्या काढून खाते. चवथीच्या आधी रंगकाम झालं तेव्हापासून जास्तच."

रक्तातलं शिसं मोजायला नमुना मुंबईला पाठवला. नमुना शिरेतूनच घेतला, कारण बोट टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरची धूळ मिसळून आकडा खोटा वर जाऊ शकतो. रिपोर्ट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला: डेसिलिटरला ३८ मायक्रोग्रॅम.

हा आकडा कुठे बसतो ते सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शनानुसार ५ किंवा त्याहून जास्त शिसं आढळलं की ते कुठून येतंय ते शोधून थांबवायचं. अमेरिकेत त्याच वर्षी मुलांसाठीचा संदर्भ-आकडा ५ वरून ३.५ वर आणला गेला. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. ४५च्या वर गेलं तर शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं लहान मुलांना द्यायचा विचार करतात. आमचा आकडा त्या रेषेच्या खाली होता, म्हणजे औषध हा मुख्य मार्ग नव्हता. घर हाच मार्ग होता.

युनिसेफच्या २०२०च्या अहवालात भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात ५च्या वर शिसं असल्याचा अंदाज आहे. हा अंदाज मी वाचलेला होता. तो कारखान्याजवळच्या, भट्टीजवळच्या वस्त्यांचा असणार असं मनात धरून चाललो होतो. समुद्राची हवा, आंबा-काजूची झाडं, चिऱ्याचं घर यांच्याशी त्याची सांगड मी कधी घातली नव्हती.

घरात काय होतं

एका रविवारी मी स्वतः गेलो. भिंतींना चुना मारलेला होता आणि चुन्यात शिसं नसतं. धोका होता तो लाकडाला आणि लोखंडाला दिलेल्या ऑइलपेंटमध्ये. खिडकीच्या गजाची एक खपली निघून चौकटीवर पडली होती. ती ब्लेडने तिरकी कापून उन्हात धरली. वर साय रंगाचा नवा थर, खाली हिरवा, मग पिवळा, मग निळा, पुन्हा हिरवा, आणि तळाला लोखंडाला चिकटलेला शेंदरी. सहा थर, नखाएवढ्या तुकड्यात.

किनाऱ्यावर खाऱ्या हवेने लोखंड गंजतं, म्हणून पूर्वी गजांना आधी शेंदरी प्राइमर द्यायचे, होड्यांच्या लोखंडी भागांना देत तसाच. आपण देवाला लावतो तो पारंपरिक शेंदूर आणि हा प्राइमर रसायनाने एकच आहेत: शिशाचं ऑक्साईड. विटकरी रंगाचं रेड ऑक्साईड वेगळं. ते लोहाचं असतं, शिशाचं नव्हे. पिवळ्या रंगात पूर्वी शिशाचं क्रोमेट असे, आणि कोकणातल्या दारं-खिडक्यांचा तो ठेवणीतला हिरवा बऱ्याचदा त्याच पिवळ्यात निळा मिसळून बनलेला असे.

खपल्या लाकडा-लोखंडापर्यंत कापून, सगळ्या थरांसकट प्रयोगशाळेत पाठवल्या. गजांवरच्या रंगात शिसं २४,००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २४,०००. पुढच्या दारावर ९,६००. चार वर्षांपूर्वी नवं बसवलेल्या स्वयंपाकघराच्या दारावर ६०. आपल्याकडे घरगुती रंगात ९० पीपीएमहून जास्त शिसं असू नये असा केंद्राचा नियम २०१६ साली आला आणि १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. नव्या दाराचा आकडा त्या नियमात बसतो. पण तो नियम रंग बनवणाऱ्यासाठी आणि विकणाऱ्यासाठी आहे. आधीच दारावर बसलेल्या रंगाबद्दल तो काही बोलत नाही.

इतर वाटाही तपासल्या. हळद घरच्याच हळकुंडांची, काजळ लावत नव्हते, कल्हईची भांडी नव्हती, वडिलांचं काम खडू-फळ्याचं. विहिरीचं पाणी तपासलं. लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच खाली निघालं.

मग ऑगस्टमधलं रंगकाम. मालकांनी चवथीसाठी रंगारी लावला होता. त्याने जुना रंग गजांवरून ब्लो-लॅम्पने जाळून काढला, चौकटी पत्तीने खरवडल्या, पॉलिश पेपरने कोरड्याच घासल्या. चार दिवस. कुटुंब घरातच होतं, मुलगी ओटीवर रांगत-चालत होती. धूळ केरसुणीने झाडून खळ्याच्या कडेला टाकली. थोडे गज जमले, बाकीच्यांवर वेळेअभावी नुसता नवा हात फिरवला, आणि तो हात पावसाळी ओलीत दोन महिन्यांत सुटायला लागला. सगळ्यांचा हेतू चांगला होता. गणपती येणार, घर लख्ख दिसावं.

पर्याय आणि पहिला निर्णय

मालकांना फोन मीच केला. पलीकडून आधी शांतता, मग: "डॉक्टर, माझो बापूस त्याच घरात नव्वदीपर्यंत जगलो." हा आडमुठेपणा नव्हता. बापाच्या घराला कुणी विषारी म्हटलं तर कुणालाही लागणारच. मी एवढंच सांगितलं की मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं फार थोडं अंगी लागतं, लहान मुलाच्या अंगी त्याच्या चार-पाच पट लागतं, आणि दोन वर्षांचा मेंदू अजून घडत असतो. शेवटी ते म्हणाले, "मुलीला काय करायचं ते आधी करा. मग माझं सांगा."

त्यांनी लावलेला तो क्रम बरोबर होता.

समोर चार वाटा होत्या. घर सोडणं ही पहिली. पण मिळेल ते दुसरं घर तेवढंच जुनं असण्याची शक्यता होती, आणि हे घर पुढच्या भाडेकरूच्या मुलासाठी तसंच उरलं असतं. सगळा रंग पुन्हा खरवडून नवा देणं ही दुसरी. वडिलांचा कल तिकडे होता: "एकदाचं मुळापासून काढून टाकूया." मी ठाम विरोध केला, कारण खरवडण्यानेच हे झालं होतं. शाबूत असलेला शिशाचा रंग तितका धोक्याचा नसतो जितकी त्याची धूळ असते.

तिसरी वाट कायद्याची. वकील मित्राशी बोललो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४नुसार मालकाने दुरुस्ती टाळली तर भाडेकरू किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या मर्यादेत. पण हा कायदा राज्यातल्या ठरावीक क्षेत्रांनाच लागू आहे, आणि लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा त्याच्या अर्थाने भाडेकरू नसतो. अमेरिकेत १९७८च्या आधीचं घर भाड्याने देताना शिशाच्या रंगाबद्दलची माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे तसं बंधन नाही. म्हणजे भांडून हाती फारसं लागणार नव्हतं, आणि बोलणं तुटलं असतं ते वेगळंच.

चौथी वाट आम्ही धरली. मूल बाहेर, घर ओलं करून साफ, जिथे हात-तोंड पोचतं तिथला रंग काढायचा किंवा झाकायचा, बाकीचा शाबूत ठेवायचा.

काय केलं

आई आणि मुलगी दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरला आजोळी गेल्या. मूल घरात असताना एक खपलीही हलवायची नाही, एवढी एक अट मी घातली होती.

मुलीचं लोह चालू ठेवलं. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं, रिकामं पोटही जास्त ओढतं. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खाणं, नाचणीचं सत्त्व, दूध, हळिवाची खीर, पेरू, आवळा. यात नवल काही नाही, आजीला सगळं माहीत होतं. फक्त या वेळी ते औषधासारखं, नेमाने.

मालकांनी त्याच रंगाऱ्याला बोलावलं. इथे एक गोष्ट घडली जी आम्हां सगळ्यांच्या लक्षात आधी यायला हवी होती. ओटीवर बसून मी त्याला पत्ती आणि ब्लो-लॅम्प का नको ते सांगत होतो. तो ऐकून घेत होता आणि मध्येच म्हणाला, "सर, मी हेच करतो. वीस वर्षं." त्याचे हात बघितले. नखांच्या कडांना रंग होता. तोवर आम्ही मुलीबद्दल बोललो, घराबद्दल बोललो, मालकाच्या खर्चाबद्दल बोललो, पण ज्याने चार दिवस ती धूळ नाकातोंडात घेतली त्याचं रक्त तपासावं असं माझ्याही मनात आलं नव्हतं. त्याचं शिसं ३१ निघालं. कामाचे कपडे घरी जाऊन बदलायची सवय. त्याच्या चार वर्षांच्या मुलाचं ७. त्या दिवसापासून तो कामाच्या जागी हात-तोंड धुतो, कपडे तिथेच बदलतो, आणि ते घरच्या कपड्यांत मिसळू न देता वेगळे धुतले जातात.

काम नऊ दिवस चाललं. खालच्या चार खिडक्यांच्या झडपा आणि गज सुताराने चौकटीतून अख्खे उचकटून काढले, न खरवडता, आणि तिथे नवी चौकट बसवली. पुढचं दार मालकांना ठेवायचं होतं, त्यावर त्यांच्या वडिलांच्या हातचं कोरीव काम होतं. त्याचा सुटलेला रंग पाणी फवारून, ओला ठेवून पत्तीने काढला, ओल्या वॉटर पेपरने घासला, खाली जाड प्लास्टिक अंथरून. निघालेला गाळ त्याच प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिंपात बंद केला. मग प्राइमर, आणि वर ९० पीपीएमच्या आतला रंग. रंगाऱ्याने एन-९५ मास्क लावला. फडकं बांधून बारीक धूळ अडत नाही. माळ्याच्या वरच्या खिडक्या आणि वाशांना हात लावला नाही. तिथला रंग घट्ट होता आणि मुलाच्या पोचेबाहेर होता.

साफसफाई शिक्षकांनी स्वतः केली. केरसुणी बंद. साबणाच्या पाण्याने पुसायचं, दुसऱ्या बादलीत फडकं खळबळायचं, तिसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसायचं, खिडकीच्या खाचा आधी, जमीन शेवटी. साधा व्हॅक्यूम क्लीनर मागायला निघाले होते, मी थांबवलं, तो ही धूळ मागून परत हवेत फेकतो. गाद्यांच्या खोळी आणि पडदे धुतले, कापडी खेळणी टाकली.

नोव्हेंबरच्या मध्यावर, सहा आठवड्यांनी, मुलीचं शिसं २४. मुलगी घरी आली. आम्हां सगळ्यांना वाटलं, काम फत्ते.

उलटलेला आकडा

जानेवारीत शिसं २९.

रिपोर्ट मी दोनदा वाचला, नमुना पुन्हा पाठवला. २९च. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर यायला बघतं, हाडांत साठलेलं मात्र वर्षानुवर्षं हळूहळू उतरत राहतं. त्यामुळे उतार मंद होणं समजण्यासारखं होतं, पण चढ? चढ म्हणजे नवं शिसं पोटात जातंय. शिक्षक म्हणाले, "आम्ही आणखी काय करायचं?" त्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

मी पुन्हा घरी गेलो. खिडक्या ठीक, दार ठीक, जमीन स्वच्छ. मुलगी मात्र आता दिवसभर खळ्यात असायची. आत धूळ नको म्हणून आम्हीच सांगितलं होतं, बाहेर खेळू द्या.

आणि खळं नवं होतं. दरवर्षी पावसाने खळ्याची माती धुपते. पाऊस गेला की नवी माती घालून, पाणी मारून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवून खळं तयार करतात, म्हणजे तुळशीच्या लग्नाला अंगण नीटनेटकं असतं. मालकांच्या सांगण्यावरून वाडीतल्या एका बाईंनी ते नोव्हेंबरात केलं होतं. माती कुठली? त्या सहज म्हणाल्या, "मांगराच्या मागची. थंयची मऊ असता." जांभ्याची तांबडी माती कडक, खड्यांची. ही मात्र काळसर, राखेसारखी भुसभुशीत, मळायला सोपी.

मी मांगरामागे जाऊन काडीने उकरलं. दोन बोटं खोलीवर करडे मणी लागले, ज्वारीच्या दाण्याएवढे, काही चपटे, काही अश्रूसारखे शेपटी असलेले. उचलले तर आकाराच्या मानाने जड. नखाने ओढलं तर चकाकणारी रेघ उमटली.

शेजारच्या आजींना दाखवले. त्यांनी ते तळहातावर घेतले आणि ओळखीचं काही भेटल्यासारख्या हसल्या. "हयसर चूल होती. जाळ्याक लावूचा शिसा हयच वितळवायचे." मालकांचे चुलते रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, होते. जाळ्याच्या खालच्या दोरीला वजन लागतं. त्यासाठी जुन्या बॅटऱ्या फोडून, आतल्या पट्ट्या कढईत वितळवून, वरची मळी बाजूला फेकून, शिशाच्या गोळ्या ओतायच्या. शिसं ३२७ अंशांना वितळतं, लाकडाच्या चुलीवर सहज. चूल मोडून पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. शिसं मात्र कुजत नाही, विरत नाही. वरच्या वीतभर मातीत बसून राहतं. बॅटरीच्या पट्ट्यांवरची बारीक भुकटी तर धातूच्या मण्यांहून जास्त घातक, कारण ती पोटात लवकर विरघळते.

मातीचे पाच नमुने पाठवले. मांगरामागे शिसं ६,८०० पीपीएम. नव्या खळ्याचा वरचा थर १,९००. पागोळीच्या ओळीत, म्हणजे कौलांवरचं पाणी जिथे पडतं आणि खिडक्यांच्या खपल्या वर्षानुवर्षं जिथे झडत आल्या तिथे, १,१५०. विहिरीजवळ ८५. लांबच्या आंब्याखाली ३०. तुलनेसाठी, मुलं खेळतात त्या मातीसाठी अमेरिकेत वर्षानुवर्षं ४०० पीपीएमची रेषा होती, २०२४ साली ती २००वर आणली गेली.

दुसरा निर्णय: मातीचं काय करायचं

सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया, उचलून टाकूया. पण कुठे? खाडीत टाकली तर तिसऱ्या-कालवांत, म्हणजे खायच्या शिंपल्यांत, उतरणार. शेतात टाकली तर भातात. ही माती म्हणजे घातक कचरा. तो अधिकृत जागीच जायला हवा आणि आपल्या बाजूला त्यासाठी तळोज्यापर्यंत जावं लागतं. ट्रकभर माती उकरून, उडवून, तिथवर नेणं मालकाच्या आवाक्याबाहेर होतं, आणि उकरण्याची धूळ वेगळीच. म्हणून जिथल्या तिथे झाकायचं ठरलं. मर्यादा एकच होती, सात जूनच्या आसपास मृग लागतो. त्याआधी झालं नाही तर ती माती पावसाबरोबर विहिरीकडे सरकायला लागणार.

खळ्याचा चोपलेला थर पाणी मारून, ओला असतानाच फावड्याने उचलला आणि मांगरामागच्या खड्ड्यातच परत नेला, जिथून आला होता तिथे. त्यावर जाड प्लास्टिक, त्यावर चार इंच काँक्रीटचा कोबा, कडेने चिऱ्यांची ओळ, पाणी बाहेरच्या बाजूने वळवलेलं. खळ्यात खाली हिरवी शेडनेट अंथरली, म्हणजे पुढे कुणी खणलं तर हिरवं जाळं दिसताच थांबेल, आणि वर लांबून आणलेली, तपासलेली तांबडी माती वीतभर. पागोळीच्या ओळीत चिरे बसवले. मांगराच्या बाजूला मेंदीचं कुंपण.

शेणाने सारवणं बंद करा असं मी सांगितलं नाही. सारवण वाईट नव्हतं, माती वाईट होती.

मालक आणि भाडेकरूंचा हिशेब असा बसला: साहित्य आणि सुतार मालकांचा, साफसफाईची मेहनत शिक्षकांची, आणि मे महिन्यापर्यंत तीन महिन्यांचं भाडं माफ. कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. मालकांचा मुलगा आधी म्हणत होता, भाडेकरू बदला म्हणजे प्रश्न मिटेल. मालक, म्हणजे काका, त्याला म्हणाले म्हणे, "उद्या तुझो झील हंय खेळतलो." नातवाचं नाव निघाल्यावर पुढे वाद झाला नाही.

परिणाम

जुलैत १७. डिसेंबरात ११. पुढच्या वर्षीच्या मेमध्ये ७. अजून ५च्या वर आहे, म्हणून तपासणी चालूच. हिमोग्लोबिन ११.२. बद्धकोष्ठ आणि पोटदुखी पहिल्या वर्षीच गेली. बोलणं परत आलं, पण वयाच्या मानाने सहा-सात महिने मागे. वाचा-उपचारासाठी महिन्यातून दोनदा सावंतवाडीला नेतात. यातलं किती शिशामुळे आणि किती भरून येईल, हे मी आईला आकड्यात सांगू शकत नाही. तिने विचारलं तेव्हा तेच सांगितलं.

रंगारी २२वर आला आहे, त्याचा मुलगा ४वर. मागच्या चवथीला त्याने दोन गिऱ्हाइकांना कोरडं घासायला नकार दिला आणि एक काम गमावलं.

पुन्हा करायचं झालं तर

माती खाणाऱ्या, फिकट मुलाच्या पहिल्याच भेटीत आता मी तीन प्रश्न विचारतो: घर किती जुनं, गेल्या सहा महिन्यांत रंगकाम झालं का, अंगणात किंवा शेजारी कधी बॅटऱ्या, शिसं, भंगार यांचं काम चालायचं का. तिसरा प्रश्न आई-वडिलांना नाही, वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचा. भाडेकरूला जागेचा इतिहास माहीत नसतो, मालक मुंबईत असतो. आजींना मी ऑक्टोबरातच विचारलं असतं तर जानेवारीचा चढ टळला असता.

रंग सापडल्यावर मी शोध थांबवला, ही या प्रकरणातली माझी सर्वांत मोठी चूक. रंगाचा आकडा इतका मोठा होता की तोच सगळं कारण वाटला. रंगाबरोबर मातीचे दोन नमुने पाठवायला खर्च थोडाच वाढला असता. शिवाय मूल बाहेर खेळवा हा सल्ला बाहेरची माती न तपासता दिला.

आणखी एका बाबतीत माझं मन अजून डळमळीत आहे. माती जागीच झाकली, उचलली नाही. कोबा तडकेल, झाडाचं मूळ शिरेल, घर विकलं जाईल. वीस वर्षांनी तिथे कुणीतरी शौचालयाचा खड्डा खणेल. म्हणून काकांनी एक कागद केला आहे: घराचा हाताने काढलेला नकाशा, मांगरामागचा चौकोन लाल पेन्सिलने रंगवलेला, मापं विहिरीच्या कठड्यापासून दिलेली. एक प्रत घरपट्टीच्या पावत्यांबरोबर, एक मुलाकडे, एक शेजारी. शिक्षकांची बदली झाली. नवं जोडपं जूनमध्ये राहायला येतंय. त्यांच्या करारनाम्याला तो नकाशा जोडलेला आहे आणि खाली काकांच्या अक्षरात दोन ओळी आहेत: "लाल चौकोनात खणू नये, तिथली माती खळ्यात घालू नये. माळ्याच्या खिडक्या घासायच्या असल्यास आधी मला फोन करावा."